घरात राहणारी बाई

सोमवार, ३ फेब्रुवारी

लिहायला बसलेय. कोणाला सांगण्यासारखं नाही आणि न सांगता पोटात राहत नाही. कागद बरा, निदान "तुझं आपलं काहीतरीच" असं म्हणत तरी नाही.

लॅबमध्ये रक्त द्यायला येणाऱ्यांची गर्दी ओसरली होती. माझे रिपोर्ट टाइप करून झाले होते, म्हणून कुकरची शिटी कुठे मिळेल ते बघायला ब्राउझर उघडला. शोधायच्या चौकटीत क्लिक केलं की आपण आधी काय काय शोधलंय ते खाली दिसतं. तिथे पहिलीच ओळ होती : "घरात राहणारी बाई कोण". तिच्या खाली : "बाई चारला येते".

मी असलं काहीही शोधलेलं नाही. आमच्या घरात राहणारी बाई एकच, ती म्हणजे मी. आणि मी चारला घरी येते.

आधी वाटलं, रक्त काढणाऱ्या पोरींपैकी कोणीतरी चेष्टा केली असेल. पण त्या बिचाऱ्यांना सकाळपासून पाणी प्यायला फुरसत नसते. मॅडमना सांगावं, तर आधी मीच सापडते. लॅबच्या कॉम्प्युटरवर स्वतःचं खातं उघडायचं नाही अशी त्यांची सक्त ताकीद आहे आणि माझं खातं तिथे बारा महिने उघडं असतं. सगळे पासवर्ड त्यात आयते मिळतात, पाठ करायचा कंटाळा. लोकांच्या रक्ताचे रिपोर्ट, माझी बँक आणि माझी कुकरची शिटी, सगळं एकाच खिडकीत. त्या खिडकीतून कोणी आत शिरलं असेल तर नोकरी गेलीच म्हणून समजायचं.

घरी आले तर बाबा दारातच उभे. "या कंडक्टर, गाडी वेळेवर!" बाबांनी जन्मभर सिटी बस चालवली. लहानपणी मी बाहुल्यांना तिकिटं फाडून द्यायचे, तेव्हापासूनचं हे नाव. हल्ली तर खऱ्या नावाने हाक मारतच नाहीत. मला आवडतं ते. या वयात लाडाने हाक मारणारं दुसरं आहे कोण मला?

दूध उतू जाऊन गॅस माखला होता. "दुधाला घाई झाली," बाबा म्हणाले. "सिग्नल तोडून गेलं." मी हसले, पण लक्ष सगळं दाराकडे होतं.

मंगळवार, ४

आज मुद्दाम बघितलं. नसतं बघितलं तर बरं झालं असतं. नवीन ओळ : "बाई एकटीच असते का".

खाली अजून ओळी असणार, पण मी सरळ ब्राउझर बंद केला आणि मॉनिटरही बंद केला, जणू तो माझ्याकडे बघत होता. मॅडम म्हणाल्या, "अहो, वीज गेली का तुमचीच?" मी म्हटलं, डोळे दुखताहेत.

येताना समोरच्या इमारतीकडे नजर गेली. दोन महिन्यांपूर्वी तिथे एक जाड चष्म्याचा माणूस राहायला आलाय. रिटायर झालेला दिसतो, दिवसभर गॅलरीत खुर्ची टाकून बसतो. आमच्याच घराकडे तोंड करून. आज मी वर बघितलं तर त्याने हात केला. ओळख ना पाळख, हात कसला करतो?

बाबा नेहमीच्या खुर्चीत, मांडीवर माझा जुना टॅब. त्यावर गाणी ऐकतात, बातम्या वाचतात, एका बोटाने टकटक काहीतरी लिहीत असतात. मी विचारलं, "बाबा, दिवसभरात कोणी आलं होतं का? कोणी काही विचारत होतं का माझ्याबद्दल?"

"कोण विचारणार?" ते म्हणाले. मग जरा थांबून, "का? काही झालंय का? घाबरलीस का?"

"छे. मी कशाला घाबरू?"

"मग ठीक," ते म्हणाले. पण टॅब पालथा घातला आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग उठून त्यांनी चहाचे कप मांडले तर तीन. आईला जाऊन सहा वर्षं झाली, तरी हाताची सवय जात नाही. मी तिसरा कप गुपचूप उचलून ठेवला. त्यांना वाईट वाटायला नको.

गुरुवार, ६

काल लॅबमधून परस्पर हार्डवेअरच्या दुकानात गेले. बाहेरच्या गजाच्या दाराला आतून नवी कडी बसवून घेतली, वर कुलूप. बाहेर जाताना गजातून हात घालून तेच कुलूप लावायचं. एक किल्ली माझ्या गळ्यात, दुसरी पर्समध्ये. बाबांना वाईट वाटलं.

"हा काय डेपो आहे का, रात्री गाड्या आत घालून फाटक लावायला?"

"बाबा, दिवस वाईट आहेत."

"दिवस वाईट असतात तेव्हा दार उघडं असावं," ते म्हणाले. "आग लागली, काही झालं, म्हातारा माणूस जाणार कुठून?"

मी ऐकलं नाही. माझ्याच जिवाला घोर लागलेला. त्यांना खरं सांगून त्यांचाही जीव टांगणीला कशाला लावायचा?

आणि आज लॅबमध्ये ती ओळ. "बाईने दाराला कडी लावली". खाली : "कडी आतून कशी काढायची".

मी बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं. कडी लावून जेमतेम एक रात्र झाली आणि याला कळलं! म्हणजे तो घराच्या आत बघतोय. घरी येऊन मी भिंतीवरचं घड्याळ उतरवून मागे बघितलं, बल्ब काढून बघितले, टीव्हीवर चादर टाकली. बाबा म्हणाले, "टीव्हीला थंडी वाजते का?" मला हसू आलं नाही. ते मात्र माझ्या मागे मागे खोल्यांतून फिरत होते, भिंतीला हात लावून. "काय शोधतेस?" त्यांनी विचारलं. "काही हरवलंय का? मलाही सांग ना, मीही शोधतो."

त्यांचाही आवाज घाबरल्यासारखा वाटला. माझी भीती त्यांना लागली असणार. मीच कपाळकरंटी.

शुक्रवार, ७

आज अर्धी रजा घेऊन स्क्रूबाईंकडे गेले. बाजारामागच्या गाळ्यात मोबाइल-कॉम्प्युटर दुरुस्त करतात. अंबाड्यात पिनेऐवजी स्क्रू ड्रायव्हर खोचलेला असतो, म्हणून सगळे त्यांना स्क्रूबाईच म्हणतात, तोंडावरसुद्धा. मी त्यांना सगळं सांगितलं. ओळी सांगताना रडू आलं.

त्यांनी माझं खातं उघडून बघितलं आणि कपाळावर हात मारला. "ताई, तुम्ही एकाच टॉवेलने पाय पुसता, तोंड पुसता आणि वर ताटंही पुसता! बँक यात, लॅब यात, टाइमपास यात. एकाने हात घातला की सगळं हाती लागलं."

मग अर्धा तास शाळा घेतली. लॅबच्या कामाला एक ब्राउझर, त्यात स्वतःचं खातं उघडायचंच नाही. बँकेला दुसरा, त्यात बँकेशिवाय दुसरं पानसुद्धा उघडायचं नाही. आणि इकडे तिकडे भटकायला तिसरा. तो बंद केला की काय शोधलं, काय वाचलं, सगळं पुसलं जातं, मागे खूण म्हणून राहत नाही. जुना ब्राउझर फोनवरून काढून टाकला. लॅबच्या कॉम्प्युटरवर उद्या जाऊन मी काढायचा.

"हे खातं अजून कुठे उघडं आहे बघू," म्हणत त्यांनी एक यादी काढली. "लॅब, तुमचा फोन आणि हा एक टॅब."

"तो माझाच जुना. घरीच असतो, बाबा गाणी ऐकतात त्यावर."

"मग घरचाच आहे, तो नाही," त्या म्हणाल्या. "बाहेरचा कोणी दिसत नाही. पण चोर काय आपलं नाव लिहून जातो? घरातल्या सगळ्यांनाच हे तीन ब्राउझर करून द्या. आपण दार लावायचं आणि घरच्यांनी खिडकी उघडी टाकायची, असं नको."

मनावरचं मणभर ओझं उतरलं. येताना समोरच्या गॅलरीकडे मान वर करून बघितलं. बस म्हणावं आता डोळे फोडत.

सोमवार, १०

शनिवारी लॅबमधला जुना ब्राउझर काढला. काल बाबांच्या टॅबची पाळी. भटकायचा ब्राउझर घातला, जुना काढला.

बाबांनी टॅब हातात घेतला, उलटसुलट केला. "माझं कुठे गेलं?"

"काय तुमचं?"

"इथे खाली यायचं. मी लिहिलेलं."

"ते आता येणार नाही. हा स्वच्छ आहे. बंद केला की सगळं पुसलं जातं."

"सगळं?"

"सगळं! हवं ते बघा, कोणाला पत्ता लागणार नाही."

बाबांनी रिकाम्या चौकटीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "पण मग मला कसं कळणार?"

"काय कसं कळणार?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, हसले. "कुठली गाणी ऐकून झाली ते."

"परत ऐका. गाणी काय झिजतात का?"

"हो, तेही खरंच," ते म्हणाले. त्यांना नवीन काही आवडत नाही. नवी बस आली की आठवडाभर तिच्याशी अबोला धरायचे, असं आई सांगायची.

गुरुवार, १३

एकही ओळ नाही! तीन दिवस झाले. लॅबचा ब्राउझर कोरा करकरीत. मला दोन रात्री गाढ झोप लागली. हुशारी म्हणजे काय, ती अशी. उगाच पोलिसांत गेले असते तर चार लोकांत तमाशा झाला असता.

बाबांचं मात्र काही खरं नाही. सकाळी चक्कर आली म्हणाले. बघते तर रक्तदाबाच्या गोळ्यांच्या पट्टीतून एकाऐवजी तीन गेलेल्या. "घेतली की नाही ते कळेना," म्हणाले. "म्हणून घेतली." मी चिडले. बोलायला नको होतं तेवढं बोलले. त्यांनी खाली मान घालून ऐकून घेतलं, एखाद्या साहेबासमोर उभं राहावं तसं.

उन्हाचा त्रास असणार. स्वेटर घालून बसतात आणि उन्हाचा त्रास.

शनिवार, १५

दुपारी मी दोरीवर कपडे घालत होते. समोरच्या गॅलरीतून चष्मेवाल्यांनी विचारलं, "तुमचे वडील बरे आहेत ना?"

"तुम्हाला काय करायचंय?" मी म्हटलं. आवाज इतका चढला की खालून जाणारी बाई थांबून बघायला लागली.

"नाही, ते दुपारचे आतल्या दारावरची नावाची पाटी वाचत उभे असतात. गजाच्या आतून. म्हणून विचारलं."

म्हणजे दुपारभर आमच्या दारावर नजर असते, हे त्यांनी स्वतःच्या तोंडाने कबूल केलं! मी कपडे तसेच टाकून आत आले. ओळी बंद झाल्या म्हणजे माणूस बंद झाला असं थोडंच आहे?

बाबा स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. "तुम्ही चहा घेणार का?" त्यांनी विचारलं. अगदी अदबीने, पॅसेंजरशी बोलावं तसं. कधीकधी ही नाटकं करतात मला हसवायला. मी म्हटलं, "घेणार, ड्रायव्हरसाहेब." त्यांना ते आवडलं असावं, चेहरा एकदम सैल झाला.

चहात साखर नव्हती. मी तसाच प्यायले.

बुधवार, १९

काही लिहावंसं वाटत नाही. बाबा माझ्याशी बोलत नाहीत, नुसते बघत असतात. मी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेले की दाराआडून. टॅब उघडतात, बघतात, बंद करतात, पुन्हा उघडतात. आज विचारलं, "काय हवंय बाबा?" तर म्हणाले, "काही नाही, काही नाही," आणि पाय पोटाशी घेतले.

त्यांना माझी भीती वाटते की काय, असं क्षणभर मनात आलं. वेड्यासारखं. मी त्यांची मुलगी आहे.

शुक्रवार, २१

काल घडलं ते आज लिहितेय. काल पेन धरवत नव्हतं.

चारला आले तर दार सताड उघडं. कडी, कोयंडा आणि कुलूप एकत्र जमिनीवर. शेजारी वाटी, वाटीत सगळे स्क्रू, वर उलथणं ठेवलेलं. चोराने इतक्या नीटनेटकेपणाने स्क्रू काढून वाटीत ठेवले असतील का, हा विचार तेव्हा आलाच नाही. मी "बाबा!" म्हणून ओरडले. खुर्ची रिकामी, न्हाणीघर रिकामं. आला तो माणूस, माझ्यासाठी आला आणि बाबांना घेऊन गेला, एवढंच डोक्यात. मी जिन्यात बसले आणि मला उठताच येईना.

समोरच्या गॅलरीत खुर्ची होती, चष्मेवाले नव्हते. मग तर खात्रीच झाली.

कशी रस्त्यावर आले माहीत नाही. पायात एकच चप्पल होती हे नंतर कळलं. बसथांब्यापाशी पोचले आणि बघते तर बाकावर बाबा, अंगात तो स्वेटर, आणि शेजारी चष्मेवाले, हातात पाण्याची बाटली. मी त्या माणसाच्या अंगावर धावून जाणार होते. पण बाबा त्यांच्याशी बोलत होते, मला ते बोलणं ऐकू आलं, आणि मी होते तिथेच थांबले.

"घरात एक बाई राहते," बाबा सांगत होते. "तशी चांगली आहे. पण कोण आहे ते कळत नाही. तिने दाराला कडी लावलीय."

सगळ्या ओळी कानात एकदम वाजल्या. त्याच शब्दांत.

चष्मेवाल्यांनी मला बघितलं आणि हाताने हळूच खूण केली, घाई करू नका. "हे बाहेर पडताना दिसले, म्हणून मागोमाग आलो," ते म्हणाले. "तीन बस सोडल्या यांनी. कुठली घ्यायची ते आठवेना."

मी बाबांसमोर खाली बसले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. ओळखीचं हसू आलं, पण ते हसू कोणासाठीही येतं तसलं होतं.

"बाई," ते म्हणाले, "मला घरी सोडता का? माझी मुलगी चारला येते. मी दिसलो नाही तर घाबरेल. ती फार भित्री आहे."

शनिवार, २२

आज सकाळी टॅबवर जुना ब्राउझर परत घातला, माझं खातं उघडलं आणि खाली खाली गेले. तेव्हा भीतीपोटी दोन ओळी वाचून बंद केलं होतं. आज सगळं वाचलं, महिन्यांमागचं.

बाबा काही शोधत नव्हतेच. चौकटीत लिहिलं की ते खाली साठून राहतं, पुढच्या वेळी आपोआप दिसतं, हे त्यांना कधीतरी कळलं असणार. मग ते तिथे लिहून ठेवायला लागले. "आज मंगळवार." "गोळी घेतली सकाळी." "गॅस बंद केला." "बायको वारली आहे. विचारायचं नाही." "मुलगी लॅबला गेली. चारला येते." "मुलीला कंडक्टर म्हणायचं. नाव आठवलं नाही तरी चालतं."

टॅबवर माझंच खातं उघडं, म्हणून ते माझ्या लॅबमधल्या चौकटीत उमटत होतं. आणि मी ते त्यांच्या डोळ्यांपुढून काढून टाकलं. वर त्यांच्या हातात असा ब्राउझर दिला की लिहिलेलं दर वेळी पुसलं जाईल. सुरक्षित! मला कसं कळणार, असं त्यांनी स्पष्ट विचारलं होतं. मी म्हटलं, गाणी काय झिजतात का.

मधेच कुठेतरी, जानेवारीतली एक ओळ : "डोकं जातंय. मुलीला सांगायचं नाही. एकटी कशी राहील."

वाचवेना. तरी तीनदा वाचलं.

सोमवार, २४

आज बाबांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी त्यांना बरंच विचारलं. वार कोणता, महिना कोणता. बाबा म्हणाले, "आम्हा ड्रायव्हर लोकांना वार नसतो, ड्यूटी असते." त्या हसल्या, पण कागदावर लिहीत राहिल्या. बाबांना बाहेर बसवून मला म्हणाल्या, "इतके दिवस त्यांनी हे खूप हुशारीने निभावलंय. आता हे कमी होणार नाही, वाढतच जाईल. कुलूप लावू नका. कोंडल्यासारखं झालं की ते जास्त बिथरतील."

मी विचारलं, "मला ओळखतील ना?"

"कधीकधी ओळखतील," त्या म्हणाल्या आणि गोळ्यांची चिठ्ठी लिहायला घेतली.

तीन आठवडे मी एका माणसाला घाबरत होते आणि तो नव्हताच. त्याच्यापासून वाचायला कडी होती, ब्राउझर होते, स्क्रूबाई होत्या. आता जे येतंय त्याला कुठली कडी लावू?

स्क्रूबाईंना जाऊन सांगितलं. त्यांनी अंबाड्यातला स्क्रू ड्रायव्हर काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "काखेत कळसा ताई, आणि आपण दोघींनी गावभर वळसा घातला. टॅब यादीत दिसत होता आणि मीच म्हटलं, तो नाही." त्यांनी माझ्याकडून काही घेतलं नाही. लॅब, बँक आणि भटकणं तसंच वेगवेगळं ठेवलं आणि चौथा ब्राउझर घालून दिला, टॅबवर आणि माझ्या फोनवर. त्यात नवीन खातं, फक्त बाबांचं आणि माझं. बाकी काही त्यात उघडायचं नाही. आणि काही पुसायचं नाही, कधीच. जुन्या ओळीही आम्ही दोघींनी त्यात एकेक करून परत लिहिल्या. जानेवारीतली ती एक ओळ मात्र मी लिहू दिली नाही.

शुक्रवार, २८

चष्मेवाले काका आता सकाळी आमच्याकडे येऊन बसतात. मी माफी मागितली तर म्हणाले, "अहो, तुम्ही ओरडलात म्हणून तर कळलं की घरात कोणाला तरी त्यांची काळजी आहे." दोघं वर्तमानपत्र वाचतात, एकच बातमी दोनदा. काकांना दोनदा वाचायचा कंटाळा नाही.

मी लॅबमध्ये चहाच्या सुट्टीत फोन उघडते आणि चौकटीत लिहिते. बाबा लिहायचे तसंच, तोडकं. "आज शुक्रवार." "काका मित्र आहेत." "घरात राहणारी बाई म्हणजे मुलगीच." बाबांनी टॅबवर चौकट उघडली की ते खाली येतं. त्यांना वाटत असेल, हे आपणच लिहून ठेवलंय. वाटू दे.

त्यांच्याकडून मात्र दोन दिवस काही आलेलं नाही. मी सारखी बघते. आधी नवी ओळ दिसली की धडकी भरायची, आता दिसत नाही म्हणून भरते.

बुधवार, ५ मार्च

आज बाबांची ओळ आली! सकाळी मी लिहिलं होतं, "गोळी घेतली, काकांसमोर." खाली उमटलं, "घेतली. कडू होती." मी लॅबमध्ये एकटीच हसत बसले. मॅडमनी विचारलं तर सगळंच सांगून टाकलं, त्यांच्या कॉम्प्युटरवर माझं खातं होतं तेसुद्धा. आधी रागावल्या. मग म्हणाल्या, "फोन टेबलावरच ठेवत जा."

निघताना लिहिलं, "मुलगी निघाली." बसमध्ये बसल्यावर बघते तर खाली दोन ओळी. "कंडक्टर निघाली." आणि : "बाईला सांगायचं, दार उघडं ठेव. मुलगी घाबरते."

गल्लीच्या टोकापासून मी जवळजवळ पळतच आले. दार उघडं होतं. काकांनी मला बघितलं, चप्पल पायात सरकवली आणि हळूच निघून गेले. बाबा त्यांच्या खुर्चीत, टॅब मांडीवर, डोळे दाराकडे. मी समोर उभी राहिले. त्यांची नजर माझ्यावरून गेली आणि परत दारावर जाऊन बसली.

"या बाई," ते म्हणाले. "बसा ना जरा. माझी मुलगी येईलच एवढ्यात."

मी त्यांच्याशेजारी खुर्ची ओढली. त्यांनी माझा हात हातात घेतला, गार पडलाय म्हणाले. आणि आम्ही दोघं दाराकडे तोंड करून तिची वाट बघत बसलो.